भाव गोठवा, माणसं मोजा: ईसॉप आणि आरएसयूची हिशेबात नोंद

मार्च संपत आला की आमच्या कर्वे रस्त्यावरच्या ऑफिसात एक फोन हमखास येतो. बाणेर नाहीतर खराडीतल्या एखाद्या कंपनीचा अकाउंटंट असतो. "मॅडम, एचआर म्हणतंय की वर्षाच्या सुरुवातीला वीस जणांना ईसॉप दिलेत. बँकेतून तर एक रुपयाही गेला नाही. मग टॅलीत टाकू काय?"

हा प्रश्न मला अजिबात बावळट वाटत नाही. (ईसॉप म्हणजे कर्मचाऱ्याला पुढे ठरलेल्या भावानं कंपनीचे शेअर घ्यायचा दिलेला हक्क; एका शेअरचा हक्क म्हणजे एक ऑप्शन.) जवळपास सगळ्यांचं घोडं इथंच अडतं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

माझं आजोळ मिरज तालुक्यात. भुईमूग निघाला की शेंगा तोडायला बायका यायच्या आणि संध्याकाळी त्यांना मजुरी मिळायची ती शेंगांचीच. तोडलेल्या राशीतला ठरलेला वाटा. आजोबांच्या खिशातून रोकड जात नसे, पण तोडणी फुकटात झाली असं ते कधी म्हणाले नाहीत. रास तेवढी कमी झालेली असायची. ईसॉपचं तसंच आहे. कर्मचारी काम करतो, कंपनी पगाराचा काही भाग रोख न देता मालकीच्या राशीतला वाटा देते. बाकीच्या भागधारकांची रास तेवढी घटते. काम आलं म्हणून खर्च नावे, आणि मोबदला शेअरच्या रूपात द्यायचा म्हणून भांडवलाच्या बाजूला जमा. देणं म्हणून नाही, भांडवल म्हणून. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं मोजणीचं काम उरतं.

आणि त्या मोजणीचा गाभा मी आमच्याकडे सीएचं प्रशिक्षण घेणाऱ्या आर्टिकलच्या मुलांना चार शब्दांत सांगते: भाव गोठवा, माणसं मोजा. ऑप्शनची किंमत ज्या दिवशी दिला त्या दिवसाची धरायची आणि पुन्हा तिला हात लावायचा नाही. दरवर्षी बदलतो तो आकडा फक्त किती जण टिकले याचा.

कुठला नियम लागू

आधी कंपनी कुठल्या चौकटीत बसते ते पाहा. बहुतेक सूचीबद्ध कंपन्या आणि अडीचशे कोटी किंवा त्याहून जास्त नेटवर्थ असलेल्या कंपन्या यांना इंड एएस १०२, म्हणजे शेअरच्या रूपातल्या मोबदल्याचं भारतीय लेखा मानक, लागतं. मोठ्यांना ते १ एप्रिल २०१६ पासून आलं, पुढच्या टप्प्याला १ एप्रिल २०१७ पासून. बाकीच्यांसाठी आयसीएआयचं, म्हणजे सनदी लेखापालांच्या संस्थेचं, मार्गदर्शक टिपण आहे. २००५ च्या जुन्या टिपणात आंतरिक मूल्याची मुभा होती, म्हणजे दिल्या दिवशीचा शेअरचा भाव वजा कर्मचाऱ्यानं भरायची रक्कम, एवढाच खर्च. दोन्ही आकडे सारखे ठेवले की खर्च शून्य! माझ्याकडे ईसॉपची पहिली फाइल आली ती याच काळात, आणि त्या शून्याचं मला फार वाईट वाटलं होतं. माणसांना सांगायचं की तुम्हाला मोलाची गोष्ट दिली, आणि वहीत लिहायचं की तिचं मोल काही नाही. टिपण २०२० मध्ये सुधारलं आणि १ एप्रिल २०२१ किंवा त्यानंतरच्या ग्रँटना (ऑप्शन देणं म्हणजे ग्रँट) ते लागू झालं. पुढचं सगळं मी फेअर व्हॅल्यू, म्हणजे रास्त किंमत, धरूनच सांगते आहे.

कंपनी कायद्याची बाजू थोडक्यात: २०१३ च्या कायद्याचं कलम ६२(१)(बी) आणि २०१४ च्या भागभांडवल नियमांतला नियम १२. ग्रँट आणि हक्क पक्का होणं, म्हणजे व्हेस्टिंग, यांत किमान एक वर्ष हवं. स्वतंत्र संचालकाला ऑप्शन देता येत नाहीत. प्रवर्तकांना आणि दहा टक्क्यांहून जास्त शेअर असलेल्या संचालकांनाही नाही, मात्र स्टार्टअपना त्यात ठरावीक वर्षांची सूट आहे. एसएच-६ नमुन्यात रजिस्टर ठेवावं लागतं. सूचीबद्ध असाल तर सेबीचे २०२१ चे नियम वर आणखी.

ग्रँटची तारीख

भाव गोठवायचा, पण कुठल्या दिवशीचा? ग्रँटच्या तारखेचा. आणि ग्रँटची तारीख म्हणजे पत्रावर छापलेली तारीख असं धरून चालू नका. कंपनी आणि कर्मचारी दोघांनाही अटी नीट कळल्या, मान्य झाल्या, आणि भागधारकांची मंजुरी लागत असेल तर तीही मिळाली, तो दिवस.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीचं काम हातात आलं. संचालक मंडळानं योजना जानेवारीत मंजूर केली, पत्रं फेब्रुवारीत वाटली, आणि भागधारकांच्या सभेत ठराव झाला जुलैत. मधल्या काळात नव्या गुंतवणूकदारानं बऱ्याच चढ्या भावानं पैसे घातले. हिशेब मात्र जानेवारीच्या मूल्यांकनावर केलेला. ग्रँटची तारीख जुलैची होती, त्यामुळे ऑप्शनची किंमत सगळी पुन्हा काढावी लागली आणि आधीच्या वर्षाचे आकडे दुरुस्त करून मांडावे लागले. ते काम करताना तिथल्या तरुण अकाउंटंटच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण चूक त्याची नव्हती. ठरावाची प्रत त्याच्यापर्यंत कोणी पोचवलीच नव्हती.

अशा वेळी आणखी एक बारकावा असतो. फेब्रुवारीत पत्र हातात पडल्यापासून माणसं त्या भरवशावर काम करत होती. म्हणून खर्च फेब्रुवारीपासूनच धरायचा, जुलैपर्यंत अंदाजी किमतीवर, आणि ठराव झाला की खरी किंमत घालून फरक काढायचा.

तर पहिली गोष्ट ही करा: मंडळाचा ठराव, सभेचा ठराव, ग्रँटचं पत्र आणि कर्मचाऱ्याची स्वीकृती, या चारांच्या प्रती एका फाइलीत लावा. चारही तारखा शेजारी शेजारी लिहा. टॅली उघडायची ती त्यानंतर.

किंमत

ऑप्शनची किंमत साधारणपणे ब्लॅक-शोल्सच्या सूत्रानं काढतात. १९७३ चं सूत्र आहे, अजून चालतं. त्याला सहा गोष्टी लागतात: शेअरचा आजचा भाव, कर्मचाऱ्यानं भरायचा भाव, ऑप्शन साधारण किती वर्षांनी वापरला जाईल, भाव किती वर-खाली होतो, सरकारी रोख्यांचा दर आणि लाभांशाचं प्रमाण. गणित मूल्यांकन करणारा करून देतो. पण त्याला दिलेली माहिती तुमची असते, आणि ऑडिटर प्रश्न तुम्हालाच विचारतो. सूचीबद्ध नसलेल्या कंपनीच्या भावाचा चढउतार कुठून आणायचा? त्याच धंद्यातल्या सूचीबद्ध कंपन्यांचा घ्यायचा, आणि कुठल्या निवडल्या व का निवडल्या ते लिहून ठेवायचं. 'किती वर्षांनी वापरला जाईल' यात डोळे झाकून योजनेची कमाल मुदत टाकू नका. लोक साधारण त्याआधीच वापरतात.

एक सूचना पोटतिडकीनं करते. हक्क टप्प्याटप्प्यानं पक्का होत असेल तर मूल्यांकन करणाऱ्याकडून प्रत्येक टप्प्याची, म्हणजे हप्त्याची, वेगळी किंमत मागा. एकच सरासरी घेऊन येऊ नका. कारण पुढच्या उदाहरणात दिसेल.

उदाहरण

एक कंपनी घेऊ. १ एप्रिल २०२२ ला वीस जणांना प्रत्येकी १,२०० ऑप्शन दिले, एकूण २४,०००. दर्शनी किंमत १० रुपये, कर्मचाऱ्यानं भरायचे १०० रुपये. अट एकच, नोकरीत टिकायचं. एक वर्षानं ४००, दोन वर्षांनी ४००, तीन वर्षांनी ४०० असा हक्क पक्का होणार. ऑप्शनची किंमत पहिल्या हप्त्याला १४४ रुपये, दुसऱ्याला १५०, तिसऱ्याला १५६. जास्त काळ हातात राहणारा ऑप्शन जास्त मोलाचा, म्हणून ती चढती.

सगळे टिकले तर एकूण खर्च ३६ लाख रुपये. बहुतेकांचा हात लगेच कॅल्क्युलेटरकडे जातो: भागिले तीन, दरवर्षी १२ लाख. इंड एएसमध्ये हे चालत नाही. इथं तीन हप्ते म्हणजे तीन वेगळ्या ग्रँट. पहिल्या हप्त्याचं काम एका वर्षात पुरं होतं, तेव्हा त्याचे ११,५२,००० सगळे पहिल्या वर्षात. दुसऱ्या हप्त्याचे १२,००,००० दोन वर्षांत, म्हणून निम्मे, ६,००,०००. तिसऱ्याचे १२,४८,००० तीन वर्षांत, म्हणून ४,१६,०००. पहिल्या वर्षाचा खर्च २१,६८,००० रुपये. दुसऱ्या वर्षी १०,१६,०००, तिसऱ्या वर्षी ४,१६,०००. बेरीज तीच, ३६ लाख, पण साठ टक्के भार पहिल्याच वर्षावर. हे संचालकांना वर्षाच्या सुरुवातीला सांगा. मे महिन्यात ताळेबंद मांडताना सांगितलंत तर तुमच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि मी दोन-तीन ठिकाणी त्यावरून कडाक्याची भांडणं झालेली पाहिली आहेत.

आता माणसं मोजू. पहिल्या वर्षात एक जण हक्क पक्का व्हायच्या आधी गेला. उरले एकोणीस. वर्षअखेरीला तुमचा अंदाज असा की दुसऱ्या वर्षाच्या शेवटी अठरा असतील, तिसऱ्याच्या शेवटी सतरा. मग पहिल्या हप्त्याचे १९ गुणिले ४०० गुणिले १४४, म्हणजे १०,९४,४००. दुसऱ्याचे १८ गुणिले ४०० गुणिले १५०, त्याचे निम्मे, ५,४०,०००. तिसऱ्याचे १७ गुणिले ४०० गुणिले १५६, त्याचा तिसरा भाग, ३,५३,६००. पहिल्या वर्षाचा खर्च १९,८८,०००.

नोंद साधी आहे. कर्मचारी लाभ खर्च नावे १९,८८,०००, शेअर ऑप्शन्स आउटस्टँडिंग खाते जमा १९,८८,०००. हे खातं ताळेबंदात इतर भांडवलात, म्हणजे अदर इक्विटीत दिसतं. देण्यांत टाकू नका.

दुसऱ्या वर्षी अंदाज चुकला. एक नाही, तीन गेले, उरले सोळा. दुसऱ्या हप्त्याचा एकूण खर्च आता १६ गुणिले ४०० गुणिले १५०, म्हणजे ९,६०,०००. त्यातले ५,४०,००० गेल्या वर्षी धरलेत, म्हणून या वर्षी ४,२०,०००. तिसऱ्यासाठी अंदाज पंधरावर आणला: ९,३६,००० चे दोन तृतीयांश ६,२४,०००, वजा आधीचे ३,५३,६००, उरले २,७०,४००. वर्षाचा खर्च ६,९०,४००. पद्धत कायम हीच ठेवा: आजपर्यंत एकूण किती व्हायला हवा होता ते काढा आणि त्यातून आधीचं वजा करा. जुन्या वर्षाची नोंद उघडून दुरुस्त करत बसायचं नाही.

या तिघांच्या पहिल्या हप्त्याचं काय? त्यांचा हक्क पक्का झालेला होता. काम झालं, मोबदला कमावला. तो खर्च परत फिरवायचा नाही. समजा तिघांतल्या दोघांनी योजनेत दिलेल्या मुदतीत पैसे भरून शेअर घेतले आणि एकानं घेतले नाहीत. त्याचे ४०० ऑप्शन लॅप्स, म्हणजे मुदत संपून बाद. तेव्हा ४०० गुणिले १४४, म्हणजे ५७,६०० रुपये शेअर ऑप्शन्स आउटस्टँडिंग खात्यातून काढून भांडवलातल्याच दुसऱ्या खात्यात, जनरल रिझर्व्ह किंवा राखून ठेवलेल्या नफ्यात, न्यायचे. नफा-तोटा पत्रकाला स्पर्शही नाही. सगळ्यात जास्त चुका मी इथं पाहिल्या आहेत. हक्क पक्का होण्याआधी गेलेला आणि झाल्यावर गेलेला, दोघेही एचआरच्या यादीत नुसते 'रिझाइन्ड' असतात. वहीत त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसऱ्या वर्षी नशिबानं कोणी गेलं नाही, सोळाच्या सोळा राहिले. ९,९८,४०० वजा ६,२४,०००, खर्च ३,७४,४००. तिन्ही वर्षं मिळून ३०,५२,८००.

शेअर घेतल्यावर

दुसऱ्या वर्षात पाच जणांनी पहिल्या हप्त्याचे एकूण २,००० ऑप्शन वापरले असं धरा, ते गेलेले दोघं त्यातच आले. बँक नावे २,००,०००. शेअर ऑप्शन्स आउटस्टँडिंग खाते नावे २,८८,०००. समोर भागभांडवल जमा २०,००० आणि सिक्युरिटीज प्रीमियम जमा ४,६८,०००. शेअरवाटप झाल्यावर त्याची माहिती देणारा पीएएस-३ हा नमुना तीस दिवसांत भरायचा असतो, कंपनी सेक्रेटरीला त्याच दिवशी निरोप द्या.

त्या दिवशी शेअरचा भाव ४०० रुपये असेल. असू द्या. वहीतला खर्च १४४ वरच राहतो. तीनशे रुपयांचा फायदा हा कर्मचाऱ्याच्या आयकराचा विषय, तुमच्या खर्चाचा नाही. पण टीडीएसचा मात्र तुमचाच.

अटी कामगिरीच्या असतील तर

'विक्री अमुक कोटींवर गेली तरच' अशी अट असेल तर ती पुरी होण्याची शक्यता दरवर्षी नव्यानं तपासायची. फसली तर त्या हप्त्याचा आधी धरलेला खर्च परत फिरतो. 'शेअरचा भाव अमुक झाला तरच' ही बाजारभावाची अट मात्र वेगळी. तिचा धोका पहिल्या दिवशीच किमतीत धरलेला असतो, म्हणून भाव तिथवर पोचला नाही तरी खर्च राहतो, माणूस नोकरीत टिकला की झालं. स्टार्टअपमध्ये 'आयपीओ आला तरच' अशी अट फार दिसते. तिथं योजनेतलं एक वाक्य शोधा: आयपीओच्या दिवशी माणूस नोकरीत असायलाच हवा का? असायला हवा असेल तर ती कामगिरीची अट, दरवर्षी शक्यता तपासा. आधी सोडून गेला तरी हक्क राहत असेल तर ती व्हेस्टिंगची अटच नाही, तिचा परिणाम पहिल्या दिवशीच्या किमतीत जातो. त्या एका वाक्यावर खर्चाचा काळ आणि आकडा दोन्ही पालटतात, म्हणून योजना स्वतः वाचा. वकिलानं पाठवलेल्या सारांशावर भागवू नका.

भाव पडला म्हणून कंपनीनं भरायची रक्कम कमी केली, तर वाढीव किंमत वेगळी काढून ती पुढच्या काळावर पसरायची. जुना खर्च कमी होत नाही. कंपनीनं योजनाच रद्द केली तर उरलेला खर्च त्याच दिवशी एकदम येतो. 'रद्द केलं, म्हणजे खर्च वाचला' असं संचालक म्हणतील. तसं नाही हे त्यांना रद्द करायच्या आधी सांगा.

शेअर न देता भाववाढीइतकी रोख द्यायची योजना असेल, ज्याला फँटम किंवा एसएआर म्हणतात, तर माझं भाव गोठवायचं सूत्र तिथं लागू नाही. ते देणं आहे. दर ताळेबंदाला नव्यानं मोजायचं, आणि फरक नफा-तोट्यात.

आरएसयू

आरएसयू म्हणजे ठरावीक काळ टिकलात की शेअर मिळणार, भरायचं काही नाही. भारतीय कंपनीत ते जसंच्या तसं बसत नाही, कारण कलम ५३ प्रमाणे शेअर दर्शनी किमतीखाली देता येत नाही. म्हणून इथल्या कंपन्यांचे 'आरएसयू' बहुधा दर्शनी किमतीला, १ किंवा १० रुपयांना, वापरायचे ऑप्शन असतात. हिशेब वरच्यासारखाच. किंमत मात्र शेअरच्या भावाच्या अगदी जवळ जाते.

पुण्यात खरा प्रश्न येतो तो अमेरिकेतल्या पालक कंपनीच्या आरएसयूचा. हिंजवडीतल्या, खराडीतल्या किती मुला-मुलींना ते मिळतात! पत्र अमेरिकेतून, शेअर अमेरिकेतल्या बाजारातले, सगळं पालक कंपनीच्या पोर्टलवर. इथला अकाउंटंट म्हणतो, आमचा संबंधच काय? संबंध आहे. काम तुमच्या कंपनीला मिळालं, म्हणून इंड एएस १०२ प्रमाणे खर्च तुमच्या वहीत आलाच पाहिजे. कर्मचारी लाभ खर्च नावे, आणि पालक कंपनीचं भांडवली योगदान जमा. पालकानं एक डॉलरही मागितला नाही तरी ही नोंद होते.

किंमत इथं सोपी. ग्रँटच्या दिवशीचा शेअरचा बाजारभाव. मधल्या काळातला लाभांश कर्मचाऱ्याला मिळणार नसेल तर त्याचं आजचं मूल्य वजा.

सापळा आहे तो पालकाकडून येणाऱ्या एक्सेलमध्ये. त्यातला 'एक्स्पेन्स' हा रकाना अमेरिकन पद्धतीनं काढलेला असतो. तिकडे फक्त नोकरीची अट असेल तर सगळी ग्रँट सरळ समान भागांत टाकायची मुभा आहे, आणि गळतीचा अंदाज न धरता माणूस गेल्यावर हिशेब करायचीही मुभा आहे. आपल्याकडे दोन्ही नाही. चार वर्षं, दरवर्षी पंचवीस टक्के अशी ग्रँट घ्या. त्यांच्या रकान्यात पहिल्या वर्षी २५ टक्के खर्च दिसेल. आपल्या पद्धतीनं २५ अधिक १२.५ अधिक ८.३३ अधिक ६.२५, म्हणजे ५२ टक्क्यांहून थोडा जास्त. त्यांचा आकडा उचलून टाकलात तर निम्म्याहून जास्त खर्च गायब. म्हणून पालकाकडून 'एक्स्पेन्स' मागू नका. नाववार ग्रँटची तारीख, संख्या, त्या दिवशीचा भाव आणि हप्त्यांच्या तारखा मागा, हिशेब स्वतः करा.

पालक कंपनीनं नंतर बिल पाठवलं तर? बहुतेक बिलं हक्क पक्का झाला त्या दिवशीच्या भावानं येतात. ग्रँटच्या दिवशी ४० डॉलर होता, आता ७०. आपण खर्च धरला ४० च्या हिशेबानं. बिलातले ४० भांडवली योगदानातून वळते करायचे. वरचे ३० मी पालकाला परत गेलेलं भांडवल म्हणून इक्विटीतच धरते. धोरण ऑडिटरशी बोलून एकदा ठरवा, टिपांमध्ये लिहा आणि दरवर्षी तेच पाळा. बिल डॉलरमध्ये असेल तर ते देणं दर ताळेबंदाला नव्या दरानं मांडायचं, तो विनिमयाचा फरक मात्र नफा-तोट्यात.

कर

या भागातली कलमं आणि नियम १९६१ च्या आयकर कायद्याचे आहेत; १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा २०२५ च्या कायद्यानं घेतली. १९६१ च्या कायद्याच्या कलम १७(२)(६) प्रमाणे ऑप्शन वापरला त्या दिवशीचा शेअरचा रास्त भाव वजा भरलेली रक्कम, हा कर्मचाऱ्याच्या पगारात धरला जाणारा लाभ, म्हणजे पर्क्विझिट. कर शेअर मिळाल्यावर लागतो, ग्रँटला किंवा नुसत्या व्हेस्टिंगला नाही. आरएसयूमध्ये शेअर व्हेस्टिंगलाच हातात पडतो म्हणून ते एकत्र दिसतं. नियम ३(८) प्रमाणे इथल्या बाजारात नोंदलेल्या शेअरला त्या दिवशीच्या उघडत्या आणि बंद भावाची सरासरी. नसेल तर मर्चंट बँकरचं प्रमाणपत्र, १८० दिवसांहून जुनं नको. अमेरिकेतल्या बाजारात नोंदलेला शेअर भारतातल्या मान्यताप्राप्त बाजारात नोंदलेला नसतो, म्हणून त्यालाही प्रमाणपत्र लागतं. हे ऐकून दरवर्षी कोणीतरी दचकतं.

आमच्या उदाहरणातल्या पाच जणांना मिळून २,००० गुणिले ३००, म्हणजे ६,००,००० रुपयांचा लाभ झाला. शेअर सूचीबद्ध नाही, विकता येत नाही, आणि टीडीएस मात्र पगारातून जाणार. लातूरहून आलेल्या एका मुलाला या कारणानं एका महिन्यात जेमतेम भाड्यापुरता पगार हाती पडलेला मी पाहिला आहे. म्हणून कर्मचारी अर्ज करतो त्या दिवशीच त्याला कराचा अंदाजी आकडा लेखी द्या. हे काम अकाउंटंटचं नाही असं वाटेल, पण तो आकडा कंपनीत फक्त तुमच्याकडे असतो. त्याच कायद्याच्या कलम ८०-आयएसी प्रमाणे करसवलतीला पात्र ठरलेल्या स्टार्टअपना हा टीडीएस पुढे ढकलायची सोय आहे: संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिने, शेअर विकला तो दिवस किंवा नोकरी सोडली तो दिवस, यांतलं जे आधी येईल त्यापासून १४ दिवसांत.

कंपनीच्या बाजूनं, हा खर्च आयकरात वजा मिळतो का यावर वर्षानुवर्षं वाद झाले. बायोकॉनच्या प्रकरणात आयकर अपील न्यायाधिकरणाच्या बंगळूरच्या विशेष खंडपीठानं २०१३ मध्ये वजावट मान्य केली आणि कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२० मध्ये ते कायम ठेवलं. पुस्तकातला खर्च आणि कराची वजावट यांचे आकडे व काळ जुळत नाहीत, तेव्हा डिफर्ड टॅक्सचा, म्हणजे या फरकामुळे पुढच्या वर्षांत जाणाऱ्या कराचा, हिशेब विसरू नका. डायल्युटेड ईपीएसमध्येही, म्हणजे पुढे येऊ शकणारे शेअर धरून काढलेल्या दर शेअर कमाईतही, हे ऑप्शन धरावे लागतात.

शीट कशी ठेवावी

एक ओळ म्हणजे एका माणसाचा एक हप्ता. वीस जणांच्या तीन हप्त्यांच्या साठ ओळी. प्रत्येकीत कर्मचारी क्रमांक, ग्रँटची तारीख, हक्क पक्का व्हायची तारीख, संख्या, गोठवलेली किंमत, नोकरी सोडल्याची तारीख, वापरलेले, लॅप्स झालेले. माणूस गेला तरी ओळ पुसायची नाही. दर तिमाहीला एचआरच्या यादीशी, एसएच-६ रजिस्टरशी आणि पगारपत्रकाशी ताडून पाहा. राजीनामा देऊन नोटीस काळात असलेल्यांची नावं वेगळी मागा, कारण ती माणसं ३१ मार्चला यादीत असतात आणि मेमध्ये नसतात.

मग शेवटची तपासणी. आमच्या कंपनीच्या खात्यात तीन वर्षांत ३०,५२,८०० जमा झाले. वापरलेल्यांचे २,८८,००० गेले, लॅप्सचे ५७,६०० गेले. खात्यात शिल्लक २७,०७,२००. आता खातं बाजूला ठेवा आणि शीटवरून जिवंत ऑप्शन मोजा. पहिल्या हप्त्याचे ७,६०० वजा २,००० वजा ४००, म्हणजे ५,२००. गुणिले १४४, ७,४८,८००. दुसऱ्याचे ६,४०० गुणिले १५०, ९,६०,०००. तिसऱ्याचे ६,४०० गुणिले १५६, ९,९८,४००. बेरीज २७,०७,२००. जुळलं. फाइल ऑडिटरकडे पाठवा. एका रुपयाचाही फरक आला तर आधी गेलेल्या माणसांच्या ओळी उघडा.